सळोईचं घर

पोहरादेवीत एका हॉटेलच्या भिंतीवर रंगवलेली यादी वाचत मी उभा होतो. पोहे, आलुबोंडा, पुरीभाजी, इडली, मसाला डोसा, शेवभाजी, पनीर मसाला, मंचुरियन. समोरच्या रस्त्यावरून फेटिया-कांचळीतल्या दोन म्हाताऱ्या चालल्या होत्या. त्यांच्या ओढणीवरचे आरसे उन्हाचे तुकडे भिंतीवर फेकत होते आणि ते तुकडे त्या यादीवरून सरकत गेले. इडलीवरून, मंचुरियनवरून.

मालक गल्ल्यावर बसला होता. बायकोशी बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलत होता, म्हणून मी विचारलं, “बाटी-सळोई मिळेल का हो?”

त्याने मान वर केली. हसला नाही, रागावलाही नाही. “ते घरचं हाय जी,” म्हणाला. “ते कोन इकत घेते?”

मी डोसा खाल्ला. चांगला होता. पण ‘ते घरचं हाय’ हे वाक्य तेव्हापासून मनातून गेलेलं नाही.

देशभरातला बंजारा या गावाला आपली काशी मानतो. सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे, जगदंबेचं मंदिर आहे, रामनवमीला मानोरा तालुक्याच्या या कोपऱ्यात तेलंगणाची, कर्नाटकाची, आंध्राची माणसं उतरतात. नंगाऱ्याच्या आकाराचं बंजारा विरासत संग्रहालय उभं राहिलं आणि ५ ऑक्टोबर २०२४ला पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. पोशाख आले, दागिने आले, इतिहास आला. बघायला पुष्कळ आहे, आणि ते बघावं असंच आहे. पण भूक लागल्यावर या समाजाच्या काशीत बाहेरच्या माणसाने खायचं काय, तर डोसा.

सळोई मी पहिल्यांदा खाल्ली ती शाळेत असताना. दिग्रस-पुसद भागातल्या आमच्या गावापासून तांडा फार लांब नव्हता. नाल्याच्या पलीकडे, चढावर. वर्गातला माझा मित्र तिथून यायचा. होळीचे दिवस होते, त्याच्या भावाला मुलगा झाला होता आणि त्या पोराचा धुंड होता. तांड्यात मुलगा झाला की होळीला धुंड करतात. मला वाटलं होतं बारशासारखं काही असेल. पोहोचलो तर सगळा तांडा अंगणात, डफावर लेंगी सुरू, बायांच्या हातात काठ्या, आणि पुरुष त्या काठ्या चुकवत खाण्याच्या हंड्याकडे धावतायत. फटके खरे बसत होते. हसणंही खरं होतं. मित्राच्या आईने, तिला तो याडी म्हणायचा आणि मग मीही म्हणू लागलो, मला हाताला धरून सावलीत बसवलं. बामणाचा की कुणब्याचा, कुणाचा काय, काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, “तिखट खातं का बेटा?”

बोकड सकाळीच कापला होता. त्या दिवशी चूल बाप्यांकडे होती. तीन दगड, वर मोठं जर्मनचं भगुणं, खाली पळाट्या. कपाशीच्या पळाट्यांचा जाळ फसकन पेटतो आणि लगेच विझू बघतो, म्हणून एक पोरगा नुसता जाळ सारायला बसवलेला. मित्राचा काका स्वयंपाक करत होता. त्याने बोकडाचीच चरबी भगुण्यात टाकली. ती हळूहळू सुटली. वेगळं तेल नाहीच. मग कांदा. इतका कांदा मी एका भांड्यात पाहिला नव्हता. मग ठेचलेला लसूण, लाल तिखट, हळद. कांदा गळून चरबीत नाहीसा झाल्यावर आतडी, जी पोरींनी सकाळपासून पाण्याने धुऊन धुऊन पांढरी केली होती, बारीक कापून. काळीज, फुप्फुस, तेही बारीक. हे सगळं शिजत असताना बाजूला एका परातीत रक्त होतं. कापताना धरलेलं, मीठ घातलेलं, आता थिजून खरवसासारखं झालेलं. काकाने ते हाताने कुस्करलं आणि शेवटी भांड्यात सोडलं.

मी बघत होतो. लाल होतं ते तपकिरी झालं, मग जवळजवळ काळं. वास बदलला. आधी तो चरबीचा आणि कांद्याचा होता, नंतर त्यात लोखंडाचा, ओल्या मातीचा, पहिल्या पावसात तापलेल्या तव्यावर पाणी पडल्याचा वास आला. तोपर्यंत याडीने ज्वारीच्या बाट्या थापून ठेवल्या होत्या. तांड्यात भाकरीला बाटी म्हणतात. आमच्या घरच्या भाकरीपेक्षा जाड, कडेला करपलेली, आत मऊ.

पहिला घास घेताना मी डोळे मिटले, हे आठवतं. दुसरा घेताना उघडले. चव काळजाच्या जवळची, पण मऊ, दाणेदार, तिखटाने पेटलेली, आणि मागून येणारा कांद्याचा गोडवा. बाटीचा तुकडा त्यात बुडवला की तो सगळं पिऊन घ्यायचा. याडीने वाढलं, परत वाढलं. मटणाचे मात्र वाटे घातले होते, जमिनीवर पळसाच्या पानांवर, घराघराचे सारखे ढीग. ज्यांच्या घरचं कार्य त्यांचा ढीगही तेवढाच. एक म्हातारा काठी टेकत सगळ्या ढिगांवरून फिरला, एका ढिगातलं हाड उचलून दुसऱ्यात ठेवलं, आणि मान हलवली. मग उचलले. न्यायाचं एवढं उघड, एवढं मोजून दाखवलेलं रूप मी नंतर फार थोड्या ठिकाणी पाहिलं.

सळोई वाट्यात नव्हती. ती सगळ्यांनी तिथेच बसून खायची. रक्त टिकत नाही, उद्यावर टाकता येत नाही. ज्या माणसांना उद्या कुठे असू ते ठाऊक नाही त्यांचं हे अन्न आहे, असं मला आज वाटतं. एक जनावर, एक भांडं, तीन दगड, आणि काहीही फुकट न घालवणं.

ही माणसं कधी काळी सगळ्या देशाचं अन्न पाठीवर नव्हे, बैलांवर वाहत होती. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाने १६३२च्या सुमाराला वाटेत एक तांडा पाहिला. त्याच्या नोंदीत १४,००० बैल आहेत, धान्याने लादलेले. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए लिहितो की या वाहकांचे चार गट होते. एक धान्य वाहायचा, एक तांदूळ, एक डाळी आणि एक मीठ. मी हे वाचलं तेव्हा मला स्वयंपाकघराची फळी दिसली. चार डबे, चार तांडे. मोगलांच्या फौजा, मराठ्यांच्या फौजा, १८०३मध्ये दख्खनेत उतरलेली वेलस्लीची फौज, सगळे यांच्याच गोण्यांवर जेवले. फौजांना खाऊ घालणाऱ्यांच्या ताटात काय होतं हे मात्र मला कुठे लिहिलेलं सापडलं नाही.

रेल्वे १८६७ला नागपूरला पोहोचली. मीठ डब्यातून येऊ लागलं. १८७१ला गुन्हेगार जमातींचा कायदा आला, आणि चालणाऱ्या माणसाचं चालणंच संशयाचं झालं. तो डाग कायद्यातून पुसायला १९५२ उजाडावं लागलं. ज्यांच्या दारात हजेरी घ्यायला पोलिस येत होते, त्यांनी दारावर ‘आमच्याकडे या, जेवा’ अशी पाटी कशी लावावी? हॉटेलवाल्याच्या ‘घरचं’ या शब्दामागे मला हेही ऐकू येतं. घरचं म्हणजे आपलं, आणि घरचं म्हणजे झाकलेलं.

पोहरादेवीत आणखी एक गोष्ट आहे, ती सोडून पुढे जाववत नाही. आख्यायिका सांगते, देवीने सेवालाल महाराजांना, म्हणजे तांड्यांच्या सेवाभायाला, आपला भगत हो म्हटलं. सेवाभाया शाकाहारी. देवीला बोकड लागणार, म्हणून तो तयार होईना. मग तांड्यावर संकटं कोसळली आणि माणसांसाठी शेवटी तो नमला. पण स्वतःच्या ताटापुरता ठाम राहिला. म्हणून आजही सेवाभायाला गोड भोग चढतो आणि देवीला बोकडाचा मान देण्याची रीत तांड्यांतून चालत आली. जाहीर पशुबळीला माझा विरोध आहे. देवापुढे जनावर कापू नये, असं माझं मत आहे आणि ते मी तांड्यातल्या मित्रांनाही सांगतो. पण त्या कथेतली एक बाब मला फार मोलाची वाटते. एकाच घरात, एकाच भक्तीत, दोन ताटं मांडली गेली आणि एकाने दुसऱ्याचं ताट उधळलं नाही.

सळोईचं नाव काढलं की तोंड वाकडं करणारी माणसं मला भेटतात. त्यांतली काही नागपूरला गेली की आवर्जून सावजीत जातात. सावजी हे हलबा कोष्ट्यांच्या घरचं जेवण. विणकरांचं. हातमाग बसत गेले, गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले, १८७७ला सुरू झालेली एम्प्रेस मिलही गेली, आणि पोट भरायला काही घरांनी ओसरीत बाकं टाकली. बाया आत मसाला भाजत, पोरं बाहेर वाढत. काळी, जाळ काढणारी तर्री. खूर, मुंडी, आणि हो, रक्तीसुद्धा. आज विदर्भात सावजीची पाटी नसलेलं मोठं गाव शोधावं लागेल. रक्तीची प्लेट मागताना कुणाला संकोच वाटत नाही. म्हणजे अडचण रक्ताची नाही. अडचण ओसरीत बाक टाकण्याची आहे, आणि त्या बाकावर पहिल्यांदा येऊन बसणाऱ्या गिऱ्हाइकाची.

असंच घरचं जेवण बाहेर मांडणारी लिया चेझ नावाची एक बाई अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स शहरात होती. १९२३चा जन्म. सासरच्यांचं १९४१ पासूनचं छोटं सँडविचचं, लॉटरीच्या तिकिटांचं दुकान होतं. तिने त्या दुकानाचं जेवणघर केलं आणि तिथे आपल्या माणसांचं, क्रियोल घरांमधलं जेवण पांढऱ्या टेबलक्लॉथवर वाढलं. गंबो नावाचं त्यांचं कालवण. त्यातली भेंडी आफ्रिकेतून आली, गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर. मैदा स्निग्धात परतून दाट करायची रीत फ्रेंचांची. वरून भुरभुरायची सासाफ्रासच्या पानांची पूड तिथल्या मूळ चॉक्टॉ लोकांची. वर्णभेदाच्या काळात काळ्या-गोऱ्यांनी एका टेबलावर बसणं बेकायदा होतं, तेव्हा या हॉटेलच्या माडीवर दोघंही एकत्र बसत. मार्टिन ल्यूथर किंग आणि त्यांचे सोबती तिथे जेवत आणि लढ्याचे बेत करत. ओबामांनी चव न घेताच तिच्या गंबोत तिखट सॉस ओतला, तेव्हा तिने त्यांना सुनावलं होतं. हे वाचून मला याडीच आठवली. तिच्याही सळोईवर कुणी न चाखता मीठ घेतलेलं तिला खपलं नसतं.

२००५च्या कॅटरिना वादळात ते जेवणघर पाण्याखाली गेलं. लिया चेझ तेव्हा ऐंशीच्या पुढची. दोन वर्षांनी तिने ते पुन्हा उघडलं. २०१९ला ती गेली. दर वर्षी गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी ती पालेभाज्यांचा गंबो करायची, नऊ पालेभाज्यांचा. तिथे म्हणतात, जितक्या भाज्या तितके नवे मित्र त्या वर्षी मिळतात. पावसाळ्यात आमच्या याडीच्या टोपलीत तरोटा असायचा, चिवळ, घोळ, काटेमाठ, अंबाडी. धुऱ्यावरून खुडलेलं, दमडी न मोजलेलं. मी कधी मोजल्या नाहीत, पण मित्र मिळण्याइतक्या नक्की असत.

तांड्याचं जेवण म्हणजे फक्त बोकड नाही, हे सांगायलाच मी भाज्यांकडे वळलो. अंबाडीची आंबट भाजी, ज्वारीची बाटी, शिजवलेल्या कडधान्याची घुगरी, गुळाची लापसी. तीजेच्या दिवसांत पोरी टोपल्यांत गहू रुजवतात, त्या हिरव्या टोपल्यांभोवती गाणी म्हणतात, त्या दिवसांतलं गळवाणी, गूळ आणि कणकेचं कढत पातळ गोड. माळकऱ्यालाही या यादीत पोटभर जेवता येईल. सेवाभायाचं ताट आणि देवीचं ताट, दोन्ही मांडता येतील. काठीवाल्या म्हाताऱ्याने वाटे सारखे केले होते, तसे.

मोठ्या शहरांतल्या सरस प्रदर्शनांत बचत गटांच्या बायांचे खाण्याचे स्टॉल लागतात. तिथे मुंबईकर रांगेत उभे राहून मांडे खातात, वऱ्हाडी ठेचा खातात. चार दिवसांनी मांडव उठतो आणि बाया घरी जातात. पोहरादेवीत मांडव उठायचं कारण नाही. गर्दी वर्षभर आहे, जागा आहे, चुली घराघरांत पेटलेल्या आहेत. स्वच्छतेची काळजी हवी, परवाना असलेल्या जागी कापलेला, तपासलेला बोकड हवा, हे उघड आहे. ते जमण्यासारखं आहे.

म्हणून ज्यांच्या हाती आहे त्यांना माझी विनंती आहे. संग्रहालयाच्या आवारात किंवा त्याच्या जवळ आसपासच्या तांड्यांमधल्या बायांच्या गटाला एक जेवणघर द्यावं. पहिली काही वर्षं भाडं घेऊ नये. काय शिजवायचं, किती तिखट करायचं, दर काय लावायचा, हे सगळं त्यांनीच ठरवावं, बाहेरच्या कुठल्या कंत्राटदाराने नाही. आणि दिग्रस, मानोरा, कारंजाकडून जाणाऱ्या वाचकांनो, ते उघडलं तर तुम्ही तिथे थांबा. पैसे मोजून जेवा.