आडवा शब्द, दोन अक्षरी: पीळ

मराठी शब्दकोड्यात एका घरात एक अक्षर बसते. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही त्या अक्षराचीच बिऱ्हाडे, आणि जोडाक्षरालाही घर एकच. म्हणून ‘पीळ’ दोन घरांचा आणि ‘अस्थिबंध’ चार घरांचा. पिळण्या-मुरगळण्याच्या कुळातले शब्द मराठीत उदंड आहेत, पण जाळीत बसवताना ते कोडेकाराला छळतात, कारण त्यांतल्या पुष्कळांत ळ आहे: वळसा, वेटोळे, गुंडाळी, सुतळी, मुरगळ. मराठी शब्द ळ ने सुरू होत नाही. तेव्हा आडव्या शब्दातल्या ळ च्या डोक्यावर एखादे पांढरे घर लागते, नाहीतर वर-खाली दोन्हीकडे काळे. ‘सुतळी’ पहिल्या ओळीत घातली तर ळी पासून उभा शब्द निघतच नाही. खाली सरकवली की ‘केळी’, ‘होळी’, ‘मासोळी’ आपणहून येतात.

‘पीळ’मधली पी दीर्घ आहे. तिच्यातून ‘टोपी’ जाते, ‘पिसारा’ जात नाही. काही जण इथे ह्रस्वदीर्घाकडे काणाडोळा करतात. ती पळवाटच, आणि मुरलेल्या सोडवणाऱ्याच्या ती लगेच लक्षात येते. ‘चऱ्हाट’ तर ऱ्हा पाशी अडते. मदतीला ‘वऱ्हाड’, ‘कऱ्हाड’, ‘गुऱ्हाळ’ अशी मोजकीच मंडळी.

संकेत लिहिताना सुंभ जळण्याची म्हण रिकामी जागा ठेवून देणे सोपे, पण त्यात सोडवणाऱ्याला काही काम उरत नाही. ‘मिशीला दिला तर रुबाब, आतड्याला पडला तर शस्त्रक्रिया’ हा त्याहून बरा.

दुखण्यांच्या शब्दांत अचूकपणा लागतो. मुरगळतो तो पाय किंवा मनगट, लचकते ती कंबर, आणि उसण भरते ती पाठीत. पाय बहुधा आत वळून मुरगळतो आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणले जातात. अस्थिबंध हाडाला हाड जोडतो, तर कंडरा स्नायूला हाडाशी. ‘टाचेमागची, शरीरातली सर्वांत जाड’ या संकेताचे उत्तर कंडरा हेच.

खरा चकवा ‘स्नायू’चा. सुश्रुतसंहितेत स्नायू 900 आणि कंडरा 16 सांगितल्या आहेत. तिथे स्नायू म्हणजे बांधून ठेवणारे तंतू, आणि मांसाला शब्द पेशी. आजच्या मराठीत स्नायू आकुंचन पावतो आणि पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. त्यामुळे जुना अर्थ हवा असेल तर संकेतात ‘आयुर्वेदात’ असे लिहिणे भाग आहे.

‘गुडघ्यात मुख्य चार’ हा संकेत मात्र दोन उत्तरे घेतो: ‘अस्थिबंध’ आणि ‘लिगामेंट’. दोन्ही चार घरांचे, दोन्ही बरोबर. अशा वेळी निवाडा उभ्या शब्दाने करायचा असतो. दुसऱ्या घरातून ‘परिस्थिती’ किंवा तिसऱ्यातून ‘निबंध’ गेला की वाद मिटतो. डॉक्टरांकडे जाणारा माणूस लिगामेंटच म्हणतो, म्हणून तो शब्द हवा असल्यास तिसऱ्या घरासाठी ‘सिमेंट’ हाताशी असतेच.