चिप बंद, लॅपटॉप सुरू

तेंदूपत्त्याच्या हंगामात माणसं पहाटे जंगलात जातात आणि ऊन चढायच्या आत परततात. आमचं कामही त्याच वेळापत्रकावर चालतं. राहायला मी चंद्रपुरात, काम गडचिरोलीत. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांची हद्द गावकऱ्यांबरोबर जीपीएस घेऊन चालायची, नोंदलेले बिंदू लॅपटॉपवर उतरवायचे, उपग्रहाच्या चित्रावर टाकून ग्रामसभेला दाखवायचे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला. पुढे जिल्ह्यात ज्या ज्या गावाला तो मिळाला, त्याला नकाशा लागतोच.

अशाच एका गावात, शाळेच्या व्हरांड्यात, मी गुगल अर्थ उघडून हद्द दाखवत होतो. जंगलाच्या हिरव्या रंगावर त्याहून भडक हिरव्या ठिपक्यांची जाळी उमटली आणि मधून एक सरळ रेघ गेली. शेजारी बसलेल्या तरुणानं विचारलं, "सर, ही कक्षाची लाइन होय का?" वनविभागाच्या कक्षाची सीमा त्याच बाजूने जात होती, त्यामुळे प्रश्न रास्त होता. चित्र सरकवलं तशी रेघ जागेवरच राहिली आणि जंगल तिच्याखालून सरकून गेलं. ती वनविभागाची नव्हती.

लॅपटॉपच्या पडद्यावर घाण दिसली की पहिला आळ पडद्यावर येतो. चंद्रपुरात दुकानं आहेत, पण कंपनीचं अधिकृत केंद्र नागपूरला, दीडशे किलोमीटरवर. एवढ्या लांब यंत्र न्यायचं तर दुखणं काय आहे हे आधी आपल्याला कळलेलं बरं. नाहीतर समोरचा सांगेल ते खरं.

सगळ्यात स्वस्त तपासणी स्क्रीनशॉटची. ठिपके दिसत असतानाच स्क्रीनशॉट घेतला आणि मोबाइलवर उघडून पाहिला. तिथेही ठिपके जसेच्या तसे. म्हणजे पडदा आणि त्याची केबल संशयातून सुटली. चित्र तयार होतानाच बिघडत होतं. स्क्रीनशॉट स्वच्छ आला असता तर मी पडद्याच्या मागे लागलो असतो.

माझ्या लॅपटॉपात चित्र काढणारे दोघं. एक प्रोसेसरच्या पोटातच असलेला इंटेलचा भाग, दुसरी स्वतंत्र ग्राफिक्स चिप. जड काम तिच्याकडे जातं. सेटिंगमध्ये जाऊन गुगल अर्थ इंटेलवर चालवलं. चित्र रेंगाळत आलं, पण लख्ख. परत स्वतंत्र चिपकडे दिलं: ठिपके, मग पडदा क्षणभर काळा, आणि कोपऱ्यात विंडोजचा निरोप की डिस्प्ले ड्रायव्हर थांबला होता, आता सावरला आहे. ड्रायव्हर काढून जुना टाकून पाहिला. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून त्याच चिपला कामाला लावलं. ड्रायव्हर निराळा, खोड तीच. मुख्य मेमरीवर संशय नको म्हणून रात्रभर मेमटेस्ट लावून ठेवली; सकाळी एकही चूक नोंदलेली नव्हती.

राहिली उष्णता. खालचं झाकण उघडलं. पंख्याची हवा जिथून बाहेर पडते तिथल्या धातूच्या बारीक पात्यांवर काळपट धुळीचा नमद्यासारखा थर जमला होता, चिमट्यानं ओढला तर अख्खा निघून आला. चंद्रपूरच्या माणसाला याचं नवल नाही. शहराला लागून २,९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र, भोवती कोळशाच्या खाणी. खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवलं तरी काळं होतं. त्यात मे महिन्यात पारा ४५-४६ वर. आत येणारी हवाच एवढी तापलेली, तर पंखा थंड करणार कशानं? (लॅपटॉप वाळ्याच्या कूलरसमोर ठेवणारे मी पाहिलेत. ती ओल आत जाते. त्यापेक्षा दुपारी काम बंद ठेवलेलं बरं.)

चिपवरची वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. गुगल अर्थ चालू असताना नव्वदीच्या पुढे जाणारं तापमान सत्तरीत आलं. ठिपके मात्र तसेच. तेव्हा माझा नाइलाज झाला: तापून जे बिघडायचं ते आधीच बिघडून झालं होतं.

चिप म्हणजे सिलिकॉनचा तुकडा, तो एका हिरव्या पट्टीवर बसवलेला, आणि ती पट्टी मदरबोर्डावर. दोन्ही थरांत जोडणीला डाखाचे बारीक थेंब. तापल्यावर सिलिकॉन जेवढं प्रसरण पावतं त्याच्या पाच-सहा पट ती पट्टी पावते. रोजच्या तापण्या-निवण्यात हा ओढाताणीचा भार त्या थेंबांवर पडतो आणि एखाद्याला तडा जातो. हे जगभरचं दुखणं आहे. २००८ च्या जुलैत ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एन्व्हिडिया कंपनीनं स्वतःच जाहीर केलं होतं, की लॅपटॉपांतल्या तिच्या काही चिपांच्या बांधणीतलं साहित्य कमकुवत निघालं. त्यापायी कंपनीनं १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद केली. माझी चिप त्या पिढीतली नव्हती, पण दुखणं त्याच जातीचं.

लॅपटॉप चंद्रपुरातल्या एका दुकानात नेला. मुलगा हुशार होता, दोन मिनिटांत म्हणाला, "चिपच जाऊन राहिली सर. रिबॉलिंग करून देतो, नव्यासारखी चालते." रिबॉलिंग म्हणजे चिप बोर्डावरून उचलायची, खालचे सगळे डाखाचे गोळे काढून नवे बसवायचे. लॅपटॉप परत आला आणि खरंच चालला. घरी झाकण काढून पाहिलं तर चिपच्या कोपऱ्यांवरचा कारखान्यातला लाल गोंद अभंग होता. तो काढल्याशिवाय चिप उचलता येत नाही. म्हणजे गरम हवेचा झोत मारला, एवढंच. झोतानं तडा गेलेली टोकं काही काळ एकमेकांना टेकतात आणि माणूस खूश होतो. खरं रिबॉलिंग केलं असतं तरी बदलले असते ते खालचे गोळे. तडा वरच्या, सिलिकॉनखालच्या थेंबांत असेल तर त्यांना कुणी हातही लावत नाही. पैसे मोजून मुदतवाढ घ्यायची असेल तर जरूर घ्यावी, पण तिला दुरुस्ती म्हणू नये.

पावसाळ्यात मुदत संपली. विंडोज चालू होतानाच अडकायला लागलं, सेफ मोडमध्ये मात्र उघडायचं. त्याआधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये चिपच्या नावापुढे पिवळा त्रिकोण आणि कोड ४३. मदरबोर्ड बदलायला मागितलेल्या रकमेत जुना, पण धडका लॅपटॉप आला असता. मी सेफ मोडमधूनच ती चिप बंद करून टाकली आणि सगळा कारभार इंटेलकडे दिला. नकाशाच्या कामाला तो पुरतो. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये हद्दी, कक्ष, निस्ताराच्या (गावाच्या रोजच्या वापराच्या) जागा बिनतक्रार उमटतात. गुगल अर्थमध्ये डोंगर उभे करून दाखवताना तेवढा दम लागतो. एक तोटा: ड्रायव्हर नसला की बंद चिपची वीज पूर्ण तुटेलच असं नाही. माझ्याकडे बॅटरी पूर्वीपेक्षा लवकर संपते, म्हणून गावात गेलं की आधी चार्जिंगची सोय बघतो.

मध्यंतरी कार्यालयातल्या नव्या पोरानं लॅपटॉप दोन तास मागून नेला. परत देताना चेहऱ्यावर कौतुकाची अपेक्षा. "सर, तुमचं ग्राफिक्स कार्ड बंदच पडून होतं. ड्रायव्हर टाकून चालू करून देलो." त्यानं रीस्टार्ट केलं नव्हतं. मी केलं, आणि पडदा लोगोवर थिजला. पुन्हा सेफ मोड, पुन्हा सगळं बंद. मग त्याच्याच हातानं कीबोर्डखाली चिठ्ठी चिकटवून घेतली: "स्वतंत्र चिप बंद ठेवली आहे. ड्रायव्हर टाकू नये." त्यानं खाली आपल्या मनानं एक ओळ वाढवली आहे: "चार्जर सोबत न्यावा."