नाव मस्टरवर आहे का?

तुम्ही अंधेरीला चढून ‘आज काय गर्दी आहे यार’ म्हणता ना, तेव्हा आम्ही डहाणू लोकलवाले तासभर आधीपासून त्याच गर्दीत उभे असतो. मी पालघरची. मास कम्युनिकेशनची डिग्री, खांद्यावर लॅपटॉप, डोक्यात स्टोरीज. पण आयुष्यातला पहिला पगार मला कुठल्या पेपरने दिला नाही. तो मिळाला बोईसरला, तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात. सालं २०१९. मुंबईत इंटर्नशिपच्या नावाखाली फुकट राबून कंटाळा आला होता आणि बाबांनी ओळखीत शब्द टाकला होता. पोस्ट होती ‘अॅडमिन ट्रेनी’. ऐकायला भारी, प्रत्यक्षात कारकुनी.

काम एकदम सोपं. महिनाअखेरीला ठेकेदाराचा माणूस एक कागद आणायचा. त्यावरची ३८ नावं मी रजिस्टरमध्ये उतरवायची, पगारवाटपाच्या रकान्यात कंपनीतर्फे सही ठोकायची आणि फाइल अकाउंट्सला पाठवायची. अर्ध्या तासाचा मामला. सकाळी गेटमधून किती जण आत येतात, हे मोजायला मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही मोजलं नाही. गंमत म्हणजे चहाचं बिलसुद्धा माझ्याच टेबलवरून जायचं आणि ठेकेदाराच्या माणसांसाठी रोज पन्नासच्या वर कप लागायचे. ३८ माणसं आणि पन्नासच्या वर कप! म्हटलं, पीत असतील दोन-दोन.

जानेवारी २०२०मध्ये तारापूरच्या एका केमिकल कंपनीत स्फोट झाला. आठ जणांचा जीव गेला. असं काही झालं की पहिला प्रश्न येतो, आत किती माणसं होती? त्या संध्याकाळी शटलमध्ये सगळे तेच विचारत होते. मीसुद्धा. आमच्या कारखान्यात आत्ता किती आहेत, हा प्रश्न मात्र मला तेव्हाही सुचला नाही.

मग आला लॉकडाऊन. मे महिन्यात श्रमिक गाड्या सुटायला लागल्या. फॉर्म, आधार, डॉक्टरांचा दाखला, सगळ्यांच्या याद्या पोलीस ठाण्यात. आमच्या कंपनीची यादी बनवायचं काम अर्थात माझ्याकडे. मी रजिस्टर उघडून ३८ नावं टाइप केली आणि गेटवर गेले. बाहेर ५२ जण उभे होते.

त्यातला एक जौनपूरचा होता. माझ्याच वयाचा असेल. दोन वर्षं ड्रम उचलत होता, मला रोज ‘नमस्ते मॅडम’ म्हणायचा. नाव मुद्दाम देत नाही. तो म्हणाला, “हमारा भी नाम देखिए ना मॅडम.” मी यादी दोनदा खालीवर केली. नाव नव्हतं. मार्चच्या एकवीस दिवसांचा पगारही थकलेला. ठेकेदाराचा फोन स्विच ऑफ. मी आत जाऊन साहेबांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, “अगं, तो आपला माणूस नाही. ठेकेदाराचा आहे.”

मला ते पटलं. खरंच पटलं! म्हणजे काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, पण नेमकं काय, ते सांगता येत नव्हतं.

रात्री मैत्रिणीच्या दादाला फोन लावला. तो लेबर लॉची प्रॅक्टिस करतो. त्याने दहा मिनिटांत माझा फंडा क्लिअर केला. ज्याच्या आवारात काम चालतं तो मुख्य मालक. १९७०च्या ठेका कामगार कायद्यानुसार ठेकेदाराने पगार बुडवला, तर तो मुख्य मालकाने द्यायचा आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करायचा. हा कायदा लागू व्हायची मर्यादा आधी वीस कामगारांची होती, महाराष्ट्राने ती पन्नासवर नेली. “आता सांग,” दादा म्हणाला, “गेटवर ५२ असताना रजिस्टरवर ३८च का?”

माझी ट्यूब पेटली. ते चौदा जण चुकून राहिलेले नव्हते.

“आणि ऐक. पगारवाटप होताना मुख्य मालकाचा प्रतिनिधी तिथे हजर पाहिजे. त्याने सही करून सांगायचं की पैसे माझ्यासमोर वाटले. तुमच्याकडे ती सही कोण करतं?”

मी काहीच बोलले नाही. मी तर एकाही पगारवाटपाला हजर नव्हते.

परराज्यातून आणलेल्या कामगारांसाठी १९७९पासून वेगळा कायदा होता, हेही तेव्हाच कळलं. ओडिशातल्या ‘दादन’ मजुरांच्या हालांवरून तो आला. कागदावर सॉलिड कायदा! फोटो लावलेलं पासबुक, येण्याजाण्याचं भाडं, राहायला जागा, फुकट औषधपाणी, घर सोडल्याबद्दल अर्ध्या महिन्याच्या पगाराएवढा भत्ता. ठेकेदाराने दिलं नाही तर मुख्य मालकाने द्यायचं. फक्त त्यात एक मोठं भोक होतं. ठेकेदाराने गावाहून भरती करून आणलेलाच कामगार त्यात बसायचा. गाववाल्याचा नंबर घेऊन स्वतः गाडीत बसून आलेला, बसत नव्हता. आमचा जौनपूरवाला तसाच आलेला.

माझी एक कॉलेजमैत्रीण लंडनला आहे. तिचा व्हिसा कंपनीने स्पॉन्सर केलाय. ती नोकरी सोडून गेली, तर कंपनीने दहा वर्किंग डेजमध्ये सरकारला कळवायचं. नाही कळवलं तर कंपनीचं लायसन्स धोक्यात. आपल्याकडे जौनपूरहून बोईसरला यायला व्हिसा लागत नाही आणि लागूही नये, देश एकच आहे. पण म्हणून माणूस मोजायचाच नाही? सप्टेंबर २०२०मध्ये केंद्र सरकारने संसदेत सांगितलं की लॉकडाऊनमध्ये घरी परतताना किती कामगार मेले, याची आकडेवारी नाही. लोकांनी खूप आरडाओरडा केला. मला माझं रजिस्टर आठवलं. आकडे खालून वर जातात आणि अगदी खाली माझ्यासारखी कुणीतरी ट्रेनी बसलेली असते.

आता नियम बदललेत. २१ नोव्हेंबर २०२५पासून चार लेबर कोड लागू झाले आणि हे दोन्ही कायदे त्यात गेले. आता महिना अठरा हजारांपर्यंत पगार असलेला, स्वतःहून आलेला कामगारही स्थलांतरित म्हणून मोजायचा. असे दहा जण असले की या तरतुदी लागू. गावी जायचं-यायचं भाडं मालकाने द्यायचं. प्रत्येक कामगाराला नेमणुकीचं पत्र द्यायचं. ते घर सोडल्याचे पैसे मात्र गेले. ठेका कामगारांची मर्यादा पन्नासच आहे, म्हणजे ३८ लिहिण्याचा मोह तसाच. आणि आमच्याच जिल्ह्यातली जव्हार-मोखाड्याची कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, ती राज्याची हद्द ओलांडत नाहीत. म्हणून ती यात नाहीतच.

जौनपूरवाल्याचं काय झालं? दुसऱ्या दिवशी मी उरलेल्या चौदा जणांची नावं हाताने लिहून यादीला जोडली. पण तोवर तो निघाला होता, चिल्हार फाट्यापर्यंत चालत आणि पुढे ट्रकने. जूनमध्ये त्याचा फोन आला, सुखरूप पोहोचल्याचा. मी पगाराचा विषय काढला. म्हणाला, “छोडिए मॅडम, किस कागज पे माँगेंगे?” ते एकवीस दिवस बुडाले ते बुडालेच. मी त्या महिन्यातच नोकरी सोडली. त्यात शौर्य काही नाही. सही करताना हात थांबायला लागला, इतकंच.

हे सगळं तुम्हाला का सांगतेय? कारण तुमच्या काचेच्या ऑफिसातही हाऊसकीपिंग, सिक्युरिटी, पॅन्ट्री सगळं ‘व्हेंडरचं’ असतं. त्या व्हेंडरचं बिल कुणाच्या तरी टेबलवरून पास होतं आणि ते कुणीतरी बहुतेक पंचविशीतलं असतं. मेलवर ‘अप्रूव्ड’ टाइप करायला दोन सेकंद लागतात. त्याआधी एकदा विचारा, या यादीतली माणसं तुम्ही पाहिलीत का? त्यांचा पीएफ भरल्याची पावती कुठे आहे? व्हेंडर बदलला की ती कुठे जातात? उत्तर ‘ते व्हेंडर बघतो’ असं आलं, तर समजा, तुमची ३८ नावं तयार आहेत.

आणि काहीच जमलं नाही तर निदान चहाचे कप मोजा.