तांबडी साय

खाऱ्या पाण्याची टाकी ज्यांच्या घरी असते त्यांना ही बया कधी ना कधी भेटतेच. आधी वाळूवर गंजासारखा एक डाग दिसतो. चार-आठ दिवसांत त्याची साय होते, दुधावर धरते तशी, फक्त रंग किरमिजी. चिमटीत धरून उचलली तर अख्खा पापुद्रा निघतो. दुपारी तिच्यावर बारीक बुडबुडे चमकतात, रात्री ती विरल्यासारखी दिसते आणि दुसऱ्या दिवशी दिवे लागले की पुन्हा हजर!

नातू शिकायला बाहेरगावी गेल्यापासून त्याची दीडशे लिटरची टाकी आणि तिच्यातली क्लाउनफिशची जोडी आमच्याकडे आहे. त्यामुळे यंदा ही साय आमच्याही वाट्याला आली.

पहिली गोष्ट म्हणजे हे शेवाळ नव्हे. शाळेच्या पुस्तकात 'नील-हरित शेवाळ' असं नाव वाचलेलं असतं, पण ही जात बॅक्टेरियाची. सायनोबॅक्टेरिया. हरितद्रव्याबरोबर त्यांच्यात एक लाल रंगद्रव्य असू शकतं, म्हणून नावात निळा-हिरवा आणि डोळ्यांपुढे तांबडा! आयुष्यभर मराठी शिकवलेल्या माणसाला अशा नावाची गंमत वाटते, पण इथे मुद्दा नुसता गमतीचा नाही. शेवाळ समजून लोक शेवाळ खाणाऱ्या गोगलगाई आणून सोडतात आणि बहुतेक गोगलगाई या सायीला तोंडही लावत नाहीत. नाव चुकलं की उपायही चुकतो.

बॅक्टेरियाच आहेत म्हटल्यावर त्यांच्यावर औषधही आहे. एरिथ्रोमायसिन, माणसांना देतात तेच अँटिबायोटिक. बाजारात या सायीवर मिळणाऱ्या काही पुड्यांत तेच असतं. घरात यावर बरीच चर्चा झाली. ही म्हणाली, "अहो, टाका ती पुडी आणि व्हा मोकळे. रोज किती वेळ त्या टाकीपाशी वाकून उभे राहता!" पुडीने साय चार-पाच दिवसांत जातेही, खोटं कशाला बोलू? पण टाकीत चांगले बॅक्टेरियाही असतात. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, तो विषारी. हे चांगले बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच सौम्य नायट्रेट करतात. औषधाची मात्रा चुकली तर त्यांनाही झळ लागू शकते. शिवाय साय एकदम मेली की ती कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते आणि मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. दोन जिवांचा प्रश्न होता, आणि तेही दुसऱ्याने विश्वासाने सोपवलेल्या. मी पुडी आणली नाही.

त्यापेक्षाही मोठं कारण असं की पुडीने साय जाते, पण तिचं अन्न तिथेच राहतं. ते अन्न म्हणजे पाण्यातलं फॉस्फेट आणि नायट्रेट. माशांच्या खाण्यातून, नळाच्या पाण्यातून, जुन्या दगडांच्या भोकांत साठलेल्या गाळातून ते येत राहतं. टाकी हा बंद हिशोब आहे. जे आत गेलं ते बाहेर काढलं नाही तर कुठे ना कुठे उगवणारच.

मग हिशोबच मांडला. दर रविवारी वीस लिटर पाणी काढायचं आणि ते काढतानाच बारीक नळीने साय ओढून घ्यायची. घासायची नाही, घासली की तुकडे टाकीभर पसरतात. नवं पाणी आरओचं, त्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम समुद्री मीठ. घरातलं पिण्याचं आरओ इथे चालत नाही, कारण त्यात चवीसाठी थोडे क्षार मुद्दाम राखलेले असतात. टाकीसाठी टीडीएस शून्याच्या आसपास लागतो. साय सगळ्यात दाट होती ती मागच्या कोपऱ्यात, दगडाआड, जिथे प्रवाह पोचत नव्हता आणि खाण्याचे कण जाऊन बसत होते. तिकडे पंपाचं तोंड वळवलं. मागच्या बाकाकडे मास्तरांची फेरी सुरू झाली की वर्गात जो फरक पडतो, तोच दिसला. दिवे दहा तासांवरून सातावर आणले. एकदा तीन दिवस दिवे बंद ठेवून टाकीला जाड चादर गुंडाळली. मासे अंधारात तीन दिवस सहज राहतात, सायीला मात्र उजेडाशिवाय जमत नाही. हवेचा पंप तेवढा रात्रंदिवस चालू ठेवला.

सगळ्यात अवघड गेलं ते खाणं कमी करणं. आपल्याकडे माया म्हणजे ताटात वाढणं. हात आखडता घेणारा माणूस कुणाला आवडतो? मासे काचेशी येऊन तोंड उघडझाप करतात आणि हिचा जीव तुटतो. "बघा ना, उपाशी आहेत हो!" पण हे मासे कुणीही समोर आलं की तसंच करतात, जेवल्यावरसुद्धा. त्यांच्या तोंडाकडे नव्हे, पाठीकडे आणि पोटाकडे बघायचं. ती भरलेली असली तर काळजी नाही. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच, आणि गोठवलेलं खाणं आधी गाळणीत धुऊन. ही अजून कुरकुरते, पण गाळणी आता तीच धरते.

यात एक गोम आहे. साय जोरात असताना पाण्याची चाचणी केली तर फॉस्फेट शून्यही दिसू शकतं, कारण ते सायीच्याच पोटात असतं. म्हणून नुसत्या आकड्यावर विसंबायचं नाही. आणि नायट्रेट पार संपवण्याच्याही मागे लागायचं नाही. या कुळातल्या काही जाती नायट्रोजन थेट हवेतला घेतात. इतरांची उपासमार होते तेव्हा त्यांचं फावतं.

ही हवेतला नायट्रोजन धरण्याची विद्या उपद्रवी म्हणावी, तर भातशेतीत तीच वरदान आहे. खाचरातल्या पाण्यात हे जीव भाताला नायट्रोजन पुरवतात, हे १९३९ साली पी. के. डे या भारतीय शास्त्रज्ञाने दाखवून दिलं. आणि सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठू लागला तोही यांच्याच पूर्वजांमुळे. सायीवर दुपारी चमकणारे ते बुडबुडे प्राणवायूचेच! ज्यांच्या जोरावर आपण श्वास घेतो त्यांना रविवारी नळीने ओढून बादलीत टाकताना मला जरा अवघडल्यासारखं होतं. पण जागा आणि प्रमाण चुकलं की कुणाचाही उपद्रव होतो. त्यात त्यांचा दोष नाही आणि माशांचाही नाही.

दोन महिने लागले. मध्ये एकदा साय गेली असं वाटलं आणि आठवड्याने परत आली. फोनवर नातू म्हणाला, "आबा, घाई नको. फोटो पाठवत राहा, चांगला असो की वाईट." पोरगा शहाणा झाला आहे.

आता वाळू पांढरी आहे आणि जोडी मजेत आहे. दगडाआड एक लहानसा तांबडा डाग उरलाय, तो मी मुद्दाम काढलेला नाही. हे जीव टाकीतून कायमचे हद्दपार होत नाहीतच. मग निदान डोळ्यांसमोर असावेत. पाण्यात काही बिघडू लागलं तर चाचणीच्या आधी तो डाग सांगेल. दर रविवारी काचेवर पट्टी धरून मोजतो. काल दोन सेंटिमीटर भरला.