आयर्विनला किती?

माझं माहेर सांगली, सासर शिरवळ. इथल्या बैठकीत आयर्विन पुलाचं जलरंगातलं चित्र टांगलंय. हिवाळ्यातली सकाळ, संथ कृष्णा, पाण्यात कमानींची प्रतिबिंबं. कमानीच्या पोटातली सावली चित्रकाराने काळ्या रंगाने काढलेली नाही. ओल्या कागदावर निळा आणि तपकिरी एकमेकांत सोडून दिलेत. दगडाचा गारवा त्यातून आला. शिरवळचे पाहुणे ‘किती शांत वाटतं!’ म्हणतात. सांगलीचं माणूस आधी पाणी कुठवर आहे ते बघतं.

सवयच ती. १९२९ साली पटवर्धनांच्या संस्थानात व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनच्या हस्ते पूल खुला झाला. लॉर्डसाहेबांचं आता कुणाला काही पडलेलं नाही, पण कोयनेतून विसर्ग वाढला की अख्खी सांगली त्यांचंच नाव घेते : “आयर्विनला किती?” ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरची माणसं तोवर आवराआवर करून बसलेली असतात. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. त्या दिवसांत आईचा फोन आला की ती आधी आकडा सांगायची, मग स्वतःची खुशाली. पुढे इकडे राहायला आली तेव्हा चित्राच्या काचेवर बोट ठेवून म्हणाली, “हे सगळं बुडालं होतं गं.” काचेवर पुसट डाग राहिला. मी तो पुसला, उगीच भावुक कशाला व्हा!

शिरवळला नीरा आहे. पूल ओलांडला की पुणे जिल्हा. खाली वीर धरणाचा फुगवटा, वर हायवेची घाई. काठावर कधीकाळी सुभानमंगळ किल्ला होता, हेही गाडीतल्यांच्या गावी नसतं. तरी हेच पाणी भीमेतून जाऊन रायचूरजवळ कृष्णेला मिळतं. माहेरच्या पाण्याची गाठ पडायला त्याला कर्नाटक गाठावं लागतं.

जपानच्या हिरोशिगेने १८५७ मध्ये पुलावर अचानक आलेली सर दाखवली. लाकडी ठशांतून छापलेल्या त्या चित्रात पावसाच्या काळ्या रेघा आहेत, छत्र्यांखाली वाकून पळणारी माणसं आहेत. व्हॅन गॉगला ते इतकं भावलं, की त्याने तैलरंगात त्याची नक्कल केली. आमच्या पुलाच्या चित्रांत माणूस औषधालाही नसतो. खरं तर पूर चढला की पोरं त्याच पुलावरून धडाधड उड्या टाकतात, पोलिसांच्या शिट्ट्या वाजत राहतात आणि बघ्यांची कठड्याला ही गर्दी! चित्रकाराला आणखी काय हवं?

हे मी आमच्या चित्रकाराला बोलून दाखवलं. तो हसला. “ताई, पावसाळ्यात कागद वाळत नाही. आणि काढलं तरी पुराचं चित्र सांगलीत घेणार कोण? तुम्ही लावाल बैठकीत?”

मी चहा ठेवायला उठले.