पासपार्तूचं घड्याळ

मुलांनो, गोष्ट सांगताना बाईसुद्धा चुकतात बरं का! माझी अशीच एक फजिती आज तुम्हांला सांगते.

मी चौथीच्या वर्गाला शिकवते. आमच्या गावातली बरीच माणसं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. आईवडिलांबरोबर मुलंही जातात. एका वर्षी शेवटच्या तासाला मी ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाची ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’ वाचून दाखवत होते. १८७२ साली ही कादंबरी पॅरिसच्या एका वर्तमानपत्रात क्रमशः छापून आली होती. आमचंही रोज थोडं थोडं चाललं होतं.

दिवाळी जवळ आली आणि मला घाई झाली. मुलं जायच्या आत गोष्ट संपायला हवी ना! मग मी फक्त फिलिआस फॉगची २०,००० पौंडांची पैज आणि त्याचा प्रवास ठेवला. त्याचा नोकर पासपार्तू निघताना खोलीतला गॅसचा दिवा बंद करायला विसरतो, ते गाळलं. फॉगला बँकेचा चोर समजून मागे लागलेला गुप्तहेर फिक्स सुएझला पासपार्तूला सांगतो, “घड्याळ इथल्या वेळेप्रमाणे लाव.” पणजोबांच्या घड्याळाला हात लावायला पासपार्तू साफ नकार देतो. तेही गाळलं. मुंबईला मलबार हिलच्या देवळात तो बूट घालून शिरतो, मार खातो आणि बूट तिथेच टाकून पळतो. तेही गाळलं!

शेवट आला. फॉग लंडनला पाच मिनिटं उशिरा पोचला. सगळा वर्ग हिरमुसला. मी ऐटीत म्हटलं, “पण दुसऱ्या दिवशी कळलं, की ते एक दिवस आधीच आले होते. फॉगनं पैज जिंकली!”

टाळ्या नाहीत, काही नाही. एका मुलीनं विचारलं, “बाई, तो दिवस आला कुठनं? तुम्हीच मधे घातलात ना?”

तेवढ्यात घंटा झाली. दुसऱ्या दिवशी तिची जागा रिकामी होती.

मला काही चैन पडेना. मी पुस्तक पुन्हा वाचलं, तेव्हा माझी चूक उमगली. तिपेडी वेणी घालताना एक पेड सोडला, की सगळी वेणीच सुटते. तसंच झालं होतं. मुंबईला राहिलेले बूट थेट कलकत्त्याच्या कोर्टात हजर होतात! विसरलेला दिवा १९२० तास जळतो आणि फॉग त्याचे पैसे नोकराकडूनच कापून घेतो. आणि ते घड्याळ? पूर्वेकडे जाताना दर अंशाला चार मिनिटं आपल्या पदरात पडतात. ३६० अंशांची मिनिटं १४४०, म्हणजे बरोबर एक दिवस! ती मिनिटं कुठे साठताहेत, हे व्हर्ननं सुएझलाच सुचवून ठेवलं होतं.

गंमत म्हणजे हजारो मैल भराभर पळवणारा हा लेखक शेवटी एकदम हळू होतो. फॉगच्या घरी नक्की काय घडलं ते न सांगताच तो आपल्याला क्लबात नेऊन बसवतो. तिथे फॉगचे मित्र एकेक सेकंद मोजताहेत. सत्तावन्नाव्या सेकंदाला दार उघडतं! उलगडा होतो तो त्यानंतर. आणि मी मात्र हे सगळं एका वाक्यात उरकलं होतं.

पाडव्याच्या सुमारास ती मुलगी परत आली. मधल्या सुट्टीत मी तिला घड्याळाची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. ती म्हणाली, “म्हणजे बाई, घड्याळाला सगळं ठाऊक होतं! मग तवाच का नाही सांगितलंत?”

तेव्हापासून मी काही गाळत नाही. दिवाळीपर्यंत गोष्ट नाहीच संपली, तर पानात खूण घालून पुस्तक जाणाऱ्या मुलांच्या बोचक्यात देते. पाडव्याला ते परत येतं. थोडं मळलेलं असतं, पण खूण मात्र पुढे सरकलेली असते.

— तुमच्या बाई