भाकरी आणि खमीर



संत मत्तयच्या शुभवर्तमानात (13:33) प्रभू येशू स्वर्गाच्या राज्याला खमिराची उपमा देतो. एक बाई ते पिठात मिसळते आणि सगळे पीठ फुगते. आमच्या बिदर-कलबुर्गी भागात हा दाखला शिकवताना मुले हमखास विचारतात, "ज्वारीच्या भाकरीत खमीर कुठे असते?" खरेच, नसते. गरम पाणी, मळलेले पीठ आणि थापणारे हात, एवढेच लागते. मग आमच्या गावांतले खमीर कोणते? आम्हाला ते बायांच्या बचत गटांत दिसते.

1992 मध्ये नाबार्डने बचत गट बँकांशी जोडायला सुरुवात केली. कर्नाटकात 2000-01 पासून स्त्री शक्ती संघ उभे राहिले. थोडे थोडे पैसे, एक वही आणि सर्वांसमोर हिशेब. सावकाराच्या दारात जाणारी बाई बँकेत सही करू लागली. कलबुर्गीच्या बायांनी तर चुलीवरची भाकरी 'कलबुर्गी रोट्टी' म्हणून बाजारात नेली. रोज तीन हजारांहून अधिक भाकरी होतात, असे 2025 मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये सांगितले. घरात ज्या कामाला कोणी काम म्हणत नव्हते, त्याला दाम मिळाला.

बिदरच्या शेजारी, जहीराबादजवळच्या माचनूरला 2008 पासून दलित बाया स्वतःचा 'संघम रेडिओ' चालवतात. दूर केनियात वांगारी मथाई यांनी 1977 पासून खेड्यातल्या बायांना घेऊन झाडे लावली. 2004 मध्ये त्यांना शांततेचे नोबेल मिळाले. सगळीकडे खमीर तेच.

आता आपल्या मंदिराकडे पाहू. सणाच्या जेवणाला भाकरी बायाच थापतात, मंदिर त्याच झाडतात, रोझरीही त्याच सांगतात. पण पैशाचा हिशेब निघतो, तेव्हा त्या बहुधा दाराशी उभ्या असतात. मरिया माग्दालेना, योहान्ना आणि सुसन्ना आपल्या पैशातून येशूची सेवा करीत होत्या, असे संत लूक (8:1-3) सांगतो. प्रभूने त्यांना दाराशी ठेवले नाही. खमीर परातीबाहेर ठेवले तर पीठ फुगेल कसे? गटाचा हिशेब चोख ठेवणाऱ्या आपल्या बहिणींच्या हाती येत्या सभेत मंदिराचीही वही देऊ या.

हे प्रभू, थापणाऱ्या हातांना आशीर्वाद दे, आणि त्यांचे म्हणणे ऐकायला आम्हाला कान दे. आमेन.